आधी मूठ, मग पातं

ट्रेकला जाणारे हल्ली स्वतःच्या मापाचा चाकू घडवून घेतात. कुणी गावच्या लोहाराकडून, कुणी ऑनलाइन कारागिराकडून. हौस चांगली आहे. पण कारागिरापुढे ठेवलेलं चित्र बघा: लांब निमुळतं टोक, पाठीवर करवतीचे दाते, मुठीला बोटांच्या खाचा, वर काळा रंग. या चाकूने कापायचं काय, ते मात्र चित्रात कुठेच नसतं.

ते दाते आले कुठून? अमेरिकी वैमानिकांच्या चाकूला ते दिले, कारण पडलेल्या विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा फोडून बाहेर पडायची वेळ येऊ शकते. पुढे १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटासाठी आर्कान्सामधल्या जिमी लाइलने पोकळ मुठीचा, दातेरी पाठीचा चाकू बनवला आणि तो पडद्यावरून घरोघर पोचला. सह्याद्रीत पत्रा फोडायचा नसतो. दोरी कापायची असते, चूल पेटवायला काटकीचे ढलपे काढायचे असतात, कांदा चिरायचा असतो. लाकडात हे दाते अडकतात. काटकी उभी चिरताना पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकावं लागतं, तेव्हा ते दांडकंच कुरतडतात. पोकळ मूठ तर त्याहून वाईट. पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि सगळा जोर त्या एका सांध्यावर येतो. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलंच हवं. इथे तडजोड नको.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की चित्र टोकापासून काढू नका, मुठीपासून काढा. पातं एका वेळी एकच काम करतं, मूठ मात्र सगळा वेळ हातात असते. आधी साध्या फळीतून चाकूचा लाकडी नमुना कापा. तो मुठीत धरून अर्धा तास ढलपे काढल्यासारखा हात चालवा. तळहातावर जिथे लाल होईल, तिथे कानस मारा. पुन्हा धरा. मुठीचा छेद लंबगोल ठेवा, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. गोल मूठ ओल्या हातात फिरते. बोटांच्या खाचा काढून टाका, कारण त्या एकाच पकडीला बसतात. ढलपे काढताना, कांदा चिरताना, दोरी ओढून कापताना पकड बदलते आणि त्याच खाचांचे उंचवटे बोटांना रुततात. पुढच्या बाजूला बोट घसरू नये इतका उतार पुरे. लाकूड बाभळीचं किंवा शिसवीचं घ्या. लोहार पिढ्यान्‌पिढ्या बाभळीचे दांडे बसवतो, ते उगाच नाही.

पातं चार इंच पुरे. जाडी तीन ते चार मिलिमीटर. सहा मिलिमीटरचं पातं फोटोत दमदार दिसतं, पण कांदा त्याने चिरत नाही, फुटतो. फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनचा मोरा बघा: आखूड, साधे, पातळ. बर्फाच्या मुलखात लाकडावरच जगणाऱ्या माणसांचे ते चाकू आहेत आणि त्यांच्या पाठीवर दाते नाहीत. पाठीची कड मात्र काटकोनी ठेवा, आग पेटवायच्या फेरो रॉडवर ठिणगी तीच पाडते. फांदी तोडायचीच असेल तर कोयता आहे. कोकणात कमरेच्या आकडीला मागे लटकणारी कोयती बघा, तिचं वजन पुढे असतं म्हणून घाव बसतो. चाकू आणि कोयता एकाच पात्यात बसवायला गेलात, तर दोन्ही कामं बिघडतात.

पोलाद आपल्याकडे हाताशी आहे. ट्रकचा पाटा स्प्रिंगसाठीच बनलेला असतो, म्हणून तो कडक होतो आणि लवतोही. एवढंच, की जुन्या पाट्यात नजरेला न दिसणारे तडे असू शकतात. जमलं तर नवी पट्टी आणून द्या. खरा चाकू घडतो तो भट्टीत. लाल झालेल्या पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर तापवून ते तेलात विझवतात. पाण्यात घातलं तर असं पोलाद तडकू शकतं. मग कानस फिरवून बघा. ती न चावता घसरली, तर पातं कडक झालं. पण या अवस्थेत ते ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा साधारण दोनशे अंशांवर तास-दोन तास तापवायचं. घासलेल्या पोलादावर वाळक्या गवताचा पिवळसर रंग चढतो, तिथे थांबायचं. आणि शेवटी ग्राइंडर. धार काढताना घाई झाली की कडेवर निळी झाक येते. निळी झाक आली, म्हणजे धारेचा कडकपणा गेला. चाकू हातात घेतल्यावर ब्रँड, रंग, कोरलेलं नाव बघायच्या आधी ती कड उजेडात धरा. अर्थात पॉलिश मारून झाक पुसता येते, म्हणून धार काढतानाच जाऊन बसलेलं बरं.

आणि मजुरीत घासाघीस करू नका. बाहेरच्या चाकूला हजारो रुपये मोजणारा माणूस लोहाराशी पन्नास रुपयांवरून भांडतो, हे बघवत नाही. कोळसा, तेल, घणाचे घाव आणि दोनदा तापवण्याचा वेळ, या सगळ्याचे पैसे होतात.

म्यान चामड्याचं असेल तर पावसाळ्यात चाकू त्यात ठेवून झोपू नका. ओलं चामडं रात्रीत गंज आणतं. पुसा, खोबरेल लावा, बाहेर ठेवा.

राहिला कायदा. तोही घडणीकडेच बघतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत धरले आहेत, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. चार इंचांचा कामाचा चाकू त्या मापांच्या कितीतरी आत बसतो. अभयारण्याची गोष्ट वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत चाकू येतो आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे जाणार असाल तर आधी वनविभागाला विचारा, परवानगी नसेल तर चाकू घरीच ठेवा.