साहित्यसम्राट

सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक साहित्यसम्राट असतोच. आमच्याकडचा बँकेत ऑफिसर आहे. माणूस हौशी, पगार बरा आणि कुरियरवाल्याशी घरोबा. वहिनींच्या साड्या लोखंडी कपाटातून केव्हाच पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या. कपाटात आता तीन तंबू, दोन स्टोव्ह, चार सुऱ्या आणि बर्फात रोवायची एक कुऱ्हाड नांदते.

"कळसूबाईवर बर्फ पडतो का हो?" असं वहिनींनी एकदा विचारून पाहिलं.

"पडला तर?" साहित्यसम्राट म्हणाले.

स्लीपिंग बॅग उणे १५ अंशांची. पुण्याच्या नोंदीतलं नीचांकी तापमान १.७ अंश, तेही १९३५ सालचं. त्यामुळे राजमाचीवर मध्यरात्री साहेब घामाघूम होऊन बॅगेतून बाहेर पडतात आणि कुणाच्या तरी सतरंजीचा कोपरा धरून झोपतात.

माहिती मात्र तोंडपाठ. "ही पॅराकॉर्ड. ५५० पौंडांचा ताण घेते, म्हणजे जवळजवळ २५० किलो! आत सात धागे. मुळात ही पॅराशूटची दोरी, दुसऱ्या महायुद्धातली." सांगताना दोरीवरून हात असा फिरतो, जसा वहिनींचा पैठणीवरून. गाठ मात्र एकच येते, बुटाच्या नाडीची. तीही चालताना सुटते.

मागच्या जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला एका घराच्या पडवीत मुक्काम होता. सगळे चिंब, चहाची तल्लफ आलेली. साहित्यसम्राटांनी लायटर नाकारला, फेरो रॉड काढला आणि ठिणग्यांचा असा पाऊस पाडला की घरातली पोरं टाळ्या पिटायला लागली. खाली ओल्या काटक्यांची मोळी. तिला ठिणगीचं काही सोयरसुतक नव्हतं. पाऊण तासानं टाळ्या थांबल्या. साहेबांनी लाकडांना, हवेला आणि शेवटी रॉडच्या कंपनीला दोष दिला.

मग ग्रुपमधली कॉलेजातली पोरगी उठली. "काका, तुमची सुरी द्या ना."

"अगं, धार जाईल!"

चारही सुऱ्यांनी आजवर पॅकिंगच्या पट्टीखेरीज काही कापलेलं नव्हतं. पोरीनं कुंपणाजवळ उभी वाळलेली मनगटाएवढी फांदी घरच्यांना विचारून तोडून आणली. पाऊस सालीवर बसतो, गाभा कोरडा राहतो. तिनं सुरी फांदीच्या तोंडावर धरली, वरून दुसऱ्या लाकडानं ठोकली आणि फांदी उभी चिरली. आतल्या पांढऱ्या लाकडाच्या पातळ सालपटी काढल्या, पण तोडल्या नाहीत. काडीलाच चिकटलेला झुपका होईपर्यंत सुरी शांतपणे चालत राहिली. मग त्याच फेरो रॉडवर सुरीची पाठ जोरात ओढली. तिसऱ्या ठिणगीला झुपक्यानं पेट घेतला. हे ती गच्चीवर शिकली होती, भर पावसात, आईच्या शिव्या खात.

साहित्यसम्राट आळशी आहेत असं कुणी म्हणू नये. पहाटे चारला सगळ्यांआधी तेच तयार असतात. पण पार्सल फोडलं की वस्तू त्याच क्षणी आपली होते, हात तसा होत नाही. गाठ दहादा सुटते, अकराव्यांदा उलटी बसते, आणि हे सगळं घरातली माणसं बघत असतात. पन्नाशीच्या ऑफिसरला पुन्हा बिगरीत बसायची लाज वाटते. कार्ड घासायला कसली लाज?

एक मात्र कबूल करायला हवं, त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही. कुणाच्या टॉर्चची बॅटरी गेली, बुटाचा तळ उचकटला, पोटात कळ आली, की सगळे त्यांच्याच सॅककडे धावतात. ती सॅक स्वतः कड्यावर चढत नाही, हाच काय तो प्रश्न.

दुसऱ्या दिवशी एका कातळटप्प्यावर ती दोरीनं वर ओढायची ठरली. साहेबांनी आपल्या ५५० पौंडी दोरीनं आपली नाडीगाठ मारली. सॅक दोन हात वर आली, दोरी हातात राहिली आणि सॅक खालच्या झुडपात विसावली. पोरीनं खाली उतरून दोरी सॅकच्या कडीतून घेतली, एक फास केला, टोक त्यातून वर काढलं, मूळ दोरीमागून फिरवून पुन्हा फासात घातलं आणि आवळलं. बोलाईन. ताण आला तरी फास सरकत नाही आणि काम झालं की बोटानं सुटतो. ही गाठ ती टीव्ही बघताना पायजम्याच्या नाडीवर घोटते.

सॅक वर आली. साहित्यसम्राटांनी ती गाठ चष्मा वर करून चारी बाजूंनी न्याहाळली, ओढून पाहिली, सोडून पाहिली. डोळ्यांत निखळ कौतुक होतं.

"झकास आहे गं," ते म्हणाले. "कुठून मागवलीस?"