दाजींचं पारायण

आमच्या दाजींच्या घरात नंबरचं कुलूप असलेल्या जेवढ्या वस्तू आहेत, त्या सगळ्यांचा नंबर एकच आहे : ७२४. प्रवासाच्या दोन बॅगा, ब्रीफकेस, माळ्यावरची लोखंडी पेटी, सगळं सातशे चोवीस. मी घरचं गुपित फोडतोय असं कुणी समजू नये. हा नंबर आमच्या गोतावळ्यात लहानथोरांना पाठ आहे. लग्नकार्याला गेलं की मावशीसुद्धा डोळे मिटून त्यांची बॅग उघडते आणि टॉवेल काढून घेते.

१९९५ साली घरातले नंबर एका रात्रीत बदलले, तेव्हा ताईला संशय आला होता. सात आणि चोवीस, म्हणजे २४ जुलै. घरात कुणाचा वाढदिवस नाही, कुणाचं श्राद्ध नाही, मग ही २४ जुलै कोण? आठवडाभर तिने धीर धरला आणि मग विचारलं. दाजींनी तिला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं आणि एक लाकडी खोपट दाखवलं. त्यात एक तिजोरी होती, तिचा नंबर ७२४. तिजोरीत काड्यापेटी. त्या काडीने बॉयलर पेटवायचा, चाक फिरवून वाफ वाढवायची, की बाहेरच्या झाडातून एक पिंजरा वरखाली होऊ लागतो. ताई आजही म्हणते, "बाई असती तर निदान एकदा भेटून दोन शब्द तरी सुनावले असते. खोपटाशी काय भांडणार?"

खेळाचं नाव 'मिस्ट'. अमेरिकेतल्या रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी तो केला आणि १९९३ साली बाजारात आला. खेळ म्हणजे काय, तर एक निर्मनुष्य बेट. तुम्ही तिथे जाऊन पडता. काय करायचं ते कुणी सांगत नाही. शत्रू नाही, बंदूक नाही, घड्याळ लावलेलं नाही, मरायची सोयसुद्धा नाही. नुसते दांडे, कळा, बटणं, आणि एक ग्रंथालय, ज्यातली बरीचशी पुस्तकं जळालेली. असल्या शांत खेळाच्या साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. तो खेळता यावा म्हणून लोकांनी सीडी ड्राइव्ह विकत घेतले. दाजी त्यांतलेच एक. तेव्हा ते चिंचवडच्या एका कारखान्यात टूल रूमला होते. ड्राइव्ह ताईच्या बांगड्यांसाठी ठेवलेल्या पैशांतून आला, हे तिला २४ जुलैच्या चौकशीतच कळलं.

दाजींना एक माणूस समजू नका, ही जमात आहे. प्रत्येक सोसायटीत यातला एखादा असतोच. वय पन्नास ते पासष्ट, चष्मा, शर्टाच्या खिशात पेन. सोसायटीची लिफ्ट बंद पडली की तुम्ही-आम्ही सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडत जिना चढतो. हा गृहस्थ तिथेच उभा राहतो आणि आधी तिसऱ्याचं, मग पहिल्याचं, मग पुन्हा तिसऱ्याचं बटण दाबून बघतो. त्याला ओळखायची सोपी खूण म्हणजे, "तुम्ही जुने गेम खेळता? म्हणजे प्रिन्स आणि डेव्ह ना?" असं विचारायचं. चेहरा बघा. भीमसेनजींच्या भक्ताला "ते 'मिले सुर'वाले ना?" असं विचारल्यावर जसा होईल तसा होतो. उड्या मारायच्या खेळांना तो खेळ मानत नाही. "बोटांचा व्यायाम आहे तो," दाजी म्हणतात.

या जमातीचा पहिला नियम म्हणजे दिसेल ते उचलायचं आणि काही टाकायचं नाही. याला कारण आहे. सिएरा नावाच्या कंपनीचे 'किंग्ज क्वेस्ट' म्हणून खेळ होते, रॉबर्टा विल्यम्स या बाईंनी रचलेले. त्यातल्या पाचव्या भागात एक मांजर उंदराच्या मागे पळत जातं. क्षणभरच. तेवढ्यात तुम्ही मांजराला जुना बूट फेकून मारला तर ठीक. नाही मारला, तर बऱ्याच वेळाने तुम्हाला कुणीतरी बांधून टाकतं आणि दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही. खलास. मांजराच्या आधीचा सेव्ह नसेल तर अथपासून सुरुवात. त्याच खेळात एक पाय मिळतो, खायचा पाय, तो भूक लागली म्हणून खाल्लात तर पुढे डोंगरातल्या हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाच्या घरी भंगारवाला आला की काय होतं, याची कल्पना करा. ताई खाली रद्दी घेऊन जाते आणि दाजी मागच्या जिन्याने उतरून तीतली निम्मी परत आणतात. बिघडलेल्या मिक्सरचं भांडं, तीन पिनांतली एक तुटलेला प्लग, कुकरची जुनी रिंग, कसलं आहे ते कुणालाच न सांगता येणारं एक पितळी चाक. "पुढे लागेल." कुठे लागेल, हे विचारायचं नाही. कुठे लागेल ते आधी कळत असतं, तर तो खेळ कसला?

दुसरा नियम, प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला लावून बघायची. इथे मात्र दाजींच्या आयुष्यातली एक जखम आहे. 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागात (१९९१चा तो) एक धबधबा बंद करायचा असतो. वर एक पंप आहे, त्याचा नट फिरवायचा. दाजी टूल रूमचे. पाना म्हणजे त्यांचा हात. सबंध खेळात पाना मिळेना. दीड महिना गेला. उत्तर असं होतं : दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत असतं. त्याच्या तालयंत्रावर केळं ठेवायचं. हलणारं केळं बघून माकड संमोहित होतं, ताठ होतं. मग ते उचलून खिशात घालायचं आणि त्याने नट पिळायचा. कारण ॲडजस्टेबल पान्याला अमेरिकेत 'मंकी रेंच' म्हणतात. "अरे, सतरा वर्षं पाने हाताळले मी," दाजी अजूनही हळहळतात, "आमच्या शॉप फ्लोअरवर एक तरी माणूस पान्याला माकड म्हणेल का? उलटं म्हणतील एक वेळ." हे उत्तर त्यांना स्वतःहून सुचलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं. त्या कुणीतरीशी ते अजून बोलत नाहीत. (तो मीच. मलाही दुसऱ्याने सांगितलं होतं.)

इतकं सगळं पाठ असताना हा माणूस दर दोन-तीन वर्षांनी तेच खेळ पुन्हा खेळतो. मुहूर्त ठरलेला असतो, घरात नवा कॉम्प्युटर आला की. लोक नव्या गाडीची आधी पूजा करतात आणि मग गणपतीला चक्कर मारतात, तसा दाजींकडचा नवा कॉम्प्युटर आधी बेटावर जाऊन यावा लागतो.

भाचीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला तेव्हाचं सांगतो. खोका उघडला संध्याकाळी सहाला. भाचीचा हात कीबोर्डला लागला दुसऱ्या दिवशी दुपारी. आधी जुनी सीडी. तर लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. बाहेरून ड्राइव्ह जोडला, तर विंडोजने सांगितलं की हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. जुने खेळ १६ बिटांचे आणि ६४ बिटांच्या विंडोजला ती भाषाच कळत नाही. कधीकाळी जो आपल्या मांडीवर खेळला तो नातू आता ओळख देत नाही, असा चेहरा करून दाजी उठले आणि चहा टाकला. पण हा त्यांचा आवडता भाग. खोटा कॉम्प्युटर तयार करायचा. 'डॉसबॉक्स' म्हणून एक सोय आहे. ती नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन असल्याचं सोंग आणते. 'स्कमव्हीएम' म्हणून दुसरी, २००१ सालापासून फुकट मिळणारी. ती खेळाची मूळ फाइल वाचून आपणच तो खेळ चालवते. दाजी दोन्ही वापरतात. कुठल्या खेळाला कुठली, यावर ते आंब्याच्या जातींवर बोलावं तसं बोलतात.

सोंग जमलं की वेगाचं दुखणं. जुन्या खेळांतले कित्येक प्रोसेसरच्या चालीने चालायचे. मशीन वेगवान झालं की त्यातली माणसं मूकपटातल्यासारखी सुटायची. म्हणून तर जुन्या डब्यांवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. त्याचा खरा उपयोग वेग वाढवण्यापेक्षा कमी करण्याला, ही गंमत दाजी दर पाहुण्याला सांगतात. त्यांच्या मरून गेलेल्या ४८६चं ते बटण त्यांनी काढून डबीत ठेवलंय. 'ग्रिम फँडँगो'त (१९९८) फोर्कलिफ्ट घेऊन लिफ्टमध्ये शिरायचं आणि लिफ्ट मधेच अडवायची असते. नंतर आलेल्या वेगवान मशीनवर ती लिफ्ट इतकी सुसाट जायची की अडवणं माणसाच्या हातात राहिलं नाही. दाजींनी तेव्हा त्यावर चार रात्री घालवल्या. आपला हात चुकतोय, असंच त्यांना वाटत होतं. दोष मशीनच्या वेगाचा निघाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

शेवटी रात्री साडेबाराला लॅपटॉपवर खेळ उमटला. खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांचा, पडदा फोर-के. दाजींनी हिशेब करून दाखवला, अशी अख्खी १२० चित्रं या पडद्यावर मावतील. मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं 'मंकी आयलंड' चमकत होतं आणि दोन डोकी त्यावर वाकली होती. मग ते मोठं केलं. तर माणसं बुटकी आणि रुंद दिसायला लागली, कारण जुन्या काचेच्या मॉनिटरवर तेच ठिपके उभट पडायचे. तेही दुरुस्त केलं. २००९मध्ये या खेळाची रंगवून काढलेली नवी आवृत्ती आली, ती दाजींकडे आहे. तीत एफ-१० दाबलं की चित्र जुनं होतं. दाजींनी ते एकदा दाबलं आणि परत कधी दाबलं नाही.

'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये तर एका पात्राच्या खोलीत कॉम्प्युटर आहे आणि तो लावला की त्यावर 'मॅनिॲक मॅन्शन' हा आणखी जुना खेळ अख्खा खेळता येतो. म्हणजे नव्या लॅपटॉपात खोटा जुना कॉम्प्युटर, त्यात खेळ, खेळात कॉम्प्युटर, त्यात खेळ. रात्री दोन वाजता दाजी तिथपर्यंत पोचले होते. भाची दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बाहेर या." कुठून बाहेर या, ते तिने स्पष्ट केलं नाही.

एकदा खेळ सुरू झाला की मात्र सगळं संथ. उत्तर माहीत आहे म्हणून दाजी धावत सुटत नाहीत. गुरुचरित्र पाठ आहे म्हणून कुणी अध्याय गाळतं का? ते 'मिस्ट'च्या बेटावर उतरतात, धक्क्यावर थोडा वेळ पाण्याचा आवाज ऐकतात. शेजारी वही असते. ही वही पाहण्यासारखी आहे. कंपनीची, वर कंपनीचं चिन्ह, मागच्या बाजूने ताईने लिहिलेला दुधाचा हिशेब. पुढून घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र, ताऱ्यांचे आकार, आणि एका पानावर नुसते आवाज. या खेळात एक भुयार आहे. त्यात गाडी कुठे वळवायची ते आवाजावरून ओळखायचं. दाजींनी ते आवाज कानाला ऐकू आले तसे लिहिलेत : टिंग, खळ्ळ, टिंग, फुस्स, ढण्ण, फुस्स, टिंग. पानभर. कुणा परक्याला वाचायला दिलं तर लेझीमच्या पथकाची तालीम वाटेल. भुयाराशी आले की दाजी वही बंद करतात, डोळे मिटतात, मान किंचित कलती करतात. आणि दर वेळी एका वळणावर मुद्दाम चुकतात. "तेव्हा चुकलो होतो ना इथे," ते म्हणतात.

दाजींच्या साठीशांतीला भाचीने त्यांना 'मिस्ट'ची नवी आवृत्ती भेट दिली. हा खेळ त्यांनी विकत घेण्याची (किंवा त्यांच्याकडे येण्याची) ही चौथी खेप. पहिली सीडी कुणाच्या तरी मामेभावाकडून आली होती आणि पुढच्या तीन त्याचं पापक्षालन. जेवणं झाली होती, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले होते, उरलेली पंधरावीस माणसं पानं लावत बसली होती. दाजींनी सोवळं सोडून लेंगा चढवला आणि टीव्हीला लॅपटॉप जोडला. आता बेटावर नुसत्या चित्रांवर टिचक्या मारायच्या नव्हत्या, खरंच चालता येत होतं. दाजी गवतातून चालत खोपटाकडे गेले. सगळे बघत होते. तिजोरीशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं, गाणारा माणूस तबलजीकडे बघतो तसं, आणि म्हणाले, "काय?"

"सातशे चोवीस!" पंधरावीस माणसं ओरडली.

तिजोरी उघडली नाही.

दाजींनी पुन्हा आकडे लावले. परत. मग त्यांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. मग ड्रायव्हरवर. मग खेळ काढून पुन्हा टाकला, त्यात दीड तास गेला आणि मावशी घरी गेली. तेव्हा भाचीने हळूच सांगितलं, "बाबा, यात उत्तरं बदलून देण्याची सोय आहे. मी ती चालू केलीय."

दाजी काही बोलले नाहीत. चिडतील असं वाटलं होतं. ते उठले, हात धुऊन आले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला फोन. "मेव्हणे, अडकलोय." आवाज असा, की मला वाटलं नात झाली. काय झालं म्हणून मी विचारायला लागलो तर एकदम ओरडले, "सांगू नका! काही सुचलं तरी सांगू नका!" माकडापासूनचा राग तो. मागून ताई विचारत होती, गिझर पेटत नाहीये, त्याचं काय करायचं ते सांगा आधी. "आणि उद्या येताना," दाजी म्हणाले, "दोनशे पानी वही आणा. कोरी."

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे गावी निघालो. रात्री मुक्कामाला उतरलो, ताईला कपडे काढायचे होते. तिने न बघता बॅगेवर सात, दोन, चार लावलं. बॅग उघडेना. तिने परत लावलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मग दाजींकडे.

दाजी खुर्चीत बसून चहा पीत होते. "आजूबाजूला नीट बघ," ते म्हणाले. "कुठेतरी लिहिलेलं असणार."