आघाडीवर असताना लढू नये

ब्राझिलियन जिउ-जित्सू ही प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणून, त्याचा सांधा पिरगाळून किंवा गळा आवळून त्याला हार मानायला लावण्याची विद्या आहे, अशी तिची व्याख्या रिओ द जानेरोच्या ग्रेसी घराण्याने जगाला सांगितली आणि जगानेही ती भक्तिभावाने पाठ केली. हार मानणे म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने थापा मारणे. थाप पडली की पकड सुटते आणि सामना निकाली होतो. स्पर्धेच्या गादीवर या विद्येचे जे रूप नांदते त्याची नोंद मात्र व्याख्येत अद्याप झालेली नाही. दहा मिनिटांच्या लढतीत पहिल्या दोन मिनिटांत दोन गुण पदरात पाडून घ्यावेत आणि उरलेली आठ मिनिटे समोरच्याची पँट दोन्ही मुठींत घट्ट धरून, चेहऱ्यावर पराकाष्ठेच्या प्रयत्नांचा भाव ठेवून बसून राहावे, ही ती विद्या होय. तिच्यात पारंगत होण्यासही दहा-दहा वर्षे लागतात, हे टीकाकारांनी विसरू नये.

या अधोगतीला, किंवा दृष्टी बदलली तर या उत्क्रांतीला, इतिहास आहे. एलियो ग्रेसीने १९५१ मध्ये माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुराशी जी लढत केली तिच्यात त्याचा हात मोडला, तरी त्याने थाप मारली नाही आणि अखेर थोरला भाऊ कार्लोस याला त्याच्या वतीने पराभव मान्य करावा लागला. १९५५ मध्ये त्याच एलियोने आपल्या जुन्या शिष्याशी, वाल्देमार सांताना याच्याशी, साडेतीन तासांहून अधिक काळ झुंज दिली. अशा लढतींविषयी आदर कितीही वाटला तरी त्यांच्यावर स्पर्धेचे वेळापत्रक आखता येत नाही, कारण प्रेक्षकाला रात्री घरी जायचे असते आणि सभागृहाचे भाडे तासावर असते. त्यामुळे घड्याळ आले, आणि घड्याळ संपल्यावर कोण जिंकला हे ठरवायला गुण आले. कार्लोस ग्रेसी ज्युनियरने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९६ मध्ये रिओत पहिली जागतिक स्पर्धा भरवली, पुढे २००७ मध्ये ती कॅलिफोर्नियात नेली, आणि या प्रवासात गुणांचे कोष्टक इतके पक्के केले की आज खेळाडूला ते स्वतःच्या रक्तगटाआधी आठवते. प्रतिस्पर्ध्याला उभ्या स्थितीतून खाली पाडल्यास दोन गुण. खाली असलेल्याने वरच्याला उलथवून स्वतः वर आल्यास, म्हणजे 'स्वीप' केल्यास दोन. पोटावर गुडघा रोवल्यास दोन. पायांचा अडसर ओलांडून बाजूला पोहोचल्यास तीन. छातीवर स्वार झाल्यास किंवा पाठ मिळवून दोन्ही पायांचे आकडे आत घातल्यास चार.

या कोष्टकामागचा विचार शुद्ध होता. रस्त्यावरच्या खऱ्या मारामारीत जी जागा जितकी घातक तितके तिला मोल, आणि त्या जागेवर तीन सेकंद ताबा टिकवला तरच गुण, म्हणजे गुण हे शरणागतीकडे जाणाऱ्या वाटेवरचे मैलाचे दगड ठरतील, अशी कल्पना होती. खेळाडूंनी हे दगड पाहिले, त्यांतला पहिला सोयीचा वाटला आणि त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला. हल्ला पूर्ण झाला नाही पण जवळजवळ झाला, अशा वेळी देण्यासाठी 'अ‍ॅडव्हान्टेज' नावाचा एक उपगुण असतो. गुण समसमान राहिल्यास तो मोजला जातो. 'जवळजवळ' या क्रियाविशेषणाला अधिकृत मूल्य देणारा खेळ विरळाच, आणि केवळ या मूल्यावर जागतिक पदके गळ्यात पडली आहेत.

गार्ड ही या खेळाची खरी देणगी. पाठीवर पडलेल्या माणसाने आपल्या पायांनी वरच्याला वेढून, अडवून, लटकवून ठेवणे म्हणजे गार्ड. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो, इथे तो सुरू होतो, आणि म्हणूनच बारीक चणीच्या माणसाला धिप्पाड माणसाविरुद्ध आशा वाटते. पण पाठीवर पडण्यासाठी कोणी पाडलेच पाहिजे असे नाही. समोरच्याची पकड घेऊन आपण होऊन खाली बसले तरी चालते. याला 'गार्ड ओढणे' म्हणतात आणि त्याला दंड नाही, अट एवढीच की हातात प्रतिस्पर्ध्याच्या कपड्याची किंवा अंगाची पकड असावी, नुसतेच बसू नये. आता दोघांनाही खालीच बसायचे असेल तर काय होते, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना सुचला नव्हता, खेळाडूंना सुचला. पंच 'कोंबाची' अशी पोर्तुगीज आज्ञा देतो, दोन काळे पट्टे, म्हणजे या विद्येतले दोन निष्णात, हातावर हात मारतात आणि पुढच्याच क्षणी दोघेही एकदम बूड टेकतात. मग वर कोणी यायचे, यावरून विहिणीच्या पंगतीत "तुम्ही आधी" म्हणत ताटकळणाऱ्या दोन व्याह्यांसारखे ते एकमेकांचे पाय कुरवाळत राहतात. महासंघाने यावर वीस सेकंदांची मुदत घातली आहे: त्या अवधीत जो उठून वर येईल त्याला एक अ‍ॅडव्हान्टेज, कोणीच न उठल्यास दोघांनाही दंड. परिणामी अठरा सेकंद बसून एकोणिसाव्या सेकंदाला उठण्याची कला विकसित झाली.

याहून प्रगत अवस्था म्हणजे 'फिफ्टी-फिफ्टी'. तिच्यात दोघांचे पाय असे गुंततात की दोघांची स्थिती आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखीच होते आणि कोणालाही सहज सुटता येत नाही. एक जण वर येतो, दोन गुण. तो खाली जातो, दुसरा वर येतो, दोन गुण. असे २-२, ४-४, ६-६ चालते, आणि शेवटी कोण वर आहे हे घड्याळ ठरवते. २०१० च्या आसपास हलक्या वजनगटांत या अवस्थेने असा काही जम बसवला की जाणकार प्रेक्षक लढतीकडे पाहणे सोडून घड्याळाकडेच पाहू लागले. त्या अवस्थेतून पाठीमागे जाण्याचे आणि पाय धरण्याचे जे सूक्ष्म डाव पुढे निघाले ते थक्क करणारे आहेत, हेही नमूद केले पाहिजे. कंटाळा हा संशोधनाचा जनक असतो, फक्त तो प्रेक्षकाचा असावा लागतो.

वेळकाढूपणाविरुद्ध कलम नाही असे नव्हे. वीस सेकंद कोणतीही प्रगती न केल्यास पंच 'लुची', म्हणजे 'लढा', असे ओरडून हात वर करतो आणि दंड लावतो. पहिल्या दंडाची नुसती नोंद होते, दुसऱ्याला समोरच्यास अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, तिसऱ्याला त्याला दोन गुण मिळतात, चौथ्याला खेळाडू बाद. ही शिक्षेची चढती भाजणी आहे असा महासंघाचा समज आहे. खेळाडू तिच्याकडे दरपत्रक म्हणून पाहतो: दोन गुणांची आघाडी हाती असताना पहिले दोन दंड परवडतात, तिसरा परवडत नाही, म्हणून दुसऱ्या दंडानंतर तो अचानक एखादा जोरकस झटका देतो, ज्यातून काही निष्पन्न होत नाही पण पंचाची मोजणी पुन्हा शून्यावर येते. बचाव कुठे संपतो आणि चालढकल कुठे सुरू होते हे ठरवायला पंचाला माणसाच्या मनात शिरावे लागते, आणि नियमपुस्तकात त्या प्रवेशाची सोय नाही.

वस्तुतः नियमपुस्तक हाच या खेळाचा सर्वांत प्रामाणिक इतिहासग्रंथ होय, कारण त्यातले प्रत्येक कलम कोणा ना कोणा अनामिक प्रतिभावंताचे स्मारक आहे. पंचाने लढत थांबवल्यावर पट्टा बांधायला वीस सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, असे एक कलम सांगते. त्याच्यामागचे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही: धाप लागलेला खेळाडू गादीच्या मध्यावर उभा आहे, जाकीट सुटलेले आहे, तो पट्टा काढतो, त्याची दोन टोके समोर धरून समान आहेत का ते पाहतो, कमरेभोवती गुंडाळतो, गाठ मारतो, ती पसंत न पडल्यामुळे सोडतो आणि पुन्हा मारतो, एरवी याच माणसाने तीच गाठ तालमीत कोणाशी तरी बोलताना न पाहता मारलेली असते. दुसरे एक कलम अधिक उद्बोधक आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पायावर बाहेरून पाय आडवा टाकून त्याचा गुडघा आत दाबणे धोकादायक असल्यामुळे कित्येक गटांत त्यासाठी थेट बाद करतात. म्हणून काही चतुर मंडळींनी प्रतिस्पर्ध्याचा पाय आपल्याच हाताने उचलून त्या निषिद्ध जागी ठेवायला आणि मग पंचाकडे आर्त नजरेने पाहायला सुरुवात केली. आता असे करणारा स्वतःच बाद होतो. सांध्यावर पकड बसलेली असताना वेदनेने ओरडणे हीसुद्धा शरणागती मानली जाते, आणि पायात गोळा आला म्हणून लढत थांबवण्याची विनंती करणारा हरतो. आक्रोश करून डाव सोडवून घ्यायचा आणि मग "हार कुठे मानली?" असे विचारायचे, हा मार्ग त्यामुळे बंद झाला, त्या दिवसापासून खेळाडू अधिक शूर झाले असे नाही, अधिक अबोल झाले.

खेळाडूची पायरी दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या बाबतीतला अप्रामाणिकपणा तुलनेने निरुपद्रवी आहे. निळ्या पट्ट्याच्या लायकीपलीकडे पोहोचलेला माणूस जांभळा पट्टा न घेता वर्षानुवर्षे निळ्यातच मुक्काम करतो आणि दर स्पर्धेत नवशिक्यांना लोळवून पदके नेतो. त्याचे प्रशिक्षक याला "पाया पक्का करणे" म्हणतात.

नियमांचा फायदा घेणे आणि खिलाडूवृत्ती यांतली रेघ कुठे ओढावी, हा प्रश्न २००४ च्या जागतिक स्पर्धेने कायमचा अवघड करून ठेवला. रिओच्या तिजुका टेनिस क्लबमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रोनाल्दो सूझा, ज्याला सगळे 'जाकारे' म्हणजे मगर म्हणत, हा रॉजर ग्रेसीविरुद्ध गुणांवर आघाडीवर होता. रॉजरने त्याचा हात कोपरातून उलट ताणला. जाकारेने थाप मारली नाही, हात गेला. "मोडेन पण वाकणार नाही" ही म्हण मराठीत अलंकार म्हणून वापरली जाते, तिथे ती वैद्यकीय अहवाल ठरली. त्यातून सुटून उभा राहिल्यावर जाकारेने तो निकामी हात पट्ट्यात खोचला आणि उरलेला वेळ रॉजरच्या हाती न लागता, गादीवर मागे सरकत, फिरत, टाळत काढला. घड्याळ संपले आणि तो जगज्जेता झाला.

आता कलमाच्या काटेकोर भाषेत पाहिले तर आघाडीवर असलेला एक खेळाडू लढतीपासून पळत होता. पँट धरून बसणारा करतो ते हेच. तरीही एकाला भेकड म्हणतात आणि दुसऱ्याची कथा नव्या मुलांना पांढरा पट्टा बांधताना सांगतात. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की प्रेक्षकाचा आक्षेप वेळकाढूपणाला नसतोच, तो फुकटच्या वेळकाढूपणाला असतो. कोपराच्या मोबदल्यात पळण्याची त्याची ना नाही. उलट बाजूने रॉजरकडे पाहावे, तर त्याने डाव पूर्ण यशस्वी केला, खऱ्या मारामारीत तो जिंकला असता, आणि तरी तो हरला, कारण मोडलेल्या हाताला कोष्टकात गुण नाहीत. ज्या घराण्याने हात मोडूनही थाप न मारण्याला १९५१ पासून गौरवले, त्याच घराण्यातील तरुणाला अर्धशतकानंतर त्या गौरवाचे बिल भरावे लागले.

खिलाडूवृत्तीची जी उदाहरणे निर्विवाद मानली जातात त्यांत एक विचित्र साम्य आहे. एकाच तालमीचे दोघे अंतिम फेरीत पोहोचले तर ते बहुधा लढतच नाहीत. विजेता आपसांत ठरवतात, मिठी मारतात आणि पदके घेतात, आणि महासंघाला ते चालते. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत खुल्या गटाच्या अंतिम फेरीत मार्कुस अल्मेदा ऊर्फ बुशेशा आणि लिआंद्रो लो हे दोन मित्र समोरासमोर येणार होते. लोच्या खांद्याला दुखापत झाली होती, तो उतरू शकत नव्हता, आणि बुशेशाने सुवर्णपदक त्यालाच देऊन टाकले. हा औदार्याचा कळस होता यात शंका नाही. फक्त एवढेच लक्षात येते की खेळातील सर्वांत उदात्त वर्तन त्या लढतीत घडले जी झाली नाही.

सुधारकांनी हात टेकले नाहीत. २०१२ मध्ये मेटामोरिस नावाच्या उपक्रमाने गुणच रद्द केले: वीस मिनिटे, शरणागती किंवा बरोबरी. पहिल्याच कार्यक्रमात रॉजर आणि बुशेशा यांची लढत बरोबरीत सुटली, आणि बलवानाशी गाठ पडल्यास बरोबरी हाच विजय, हे पुढच्यांच्या ध्यानात आले. प्रशिक्षक एडी ब्राव्होने २०१४ मध्ये दहा मिनिटांनंतर थेट पाठीवरच्या किंवा हाताच्या पकडीपासून जादा फेऱ्या सुरू करण्याची पद्धत आणली. मग मूळ दहा मिनिटे निवांत काढून जादा फेऱ्यांचाच सराव करणारे निपजले. अबू धाबीत १९९८ साली सुरू झालेल्या स्पर्धेने पूर्वार्धात गुण न मोजता उत्तरार्धात आपण होऊन खाली बसणाऱ्याचा एक गुण कापायचे ठरवले. बसणारे पूर्वार्धातच बसू लागले.

ऑगस्ट २०२४ मध्ये लास वेगासला क्रेग जोन्स या खेळाडूने अबू धाबीच्या स्पर्धेच्याच दिवसांत स्वतःची स्पर्धा लावली. तिकडे विजेत्याला १०,००० डॉलर मिळत, म्हणून इकडे नुसत्या हजेरीचे १०,००१ डॉलर ठेवले आणि विजेत्याला दहा लाख. गादीबाहेर सरकून पकड सोडवण्याची खोड मोडावी म्हणून त्याने मोकळ्या गादीऐवजी तिरप्या भिंतींचा खड्डा बांधला, ज्यातून बाहेर जायला जागा नाही. गुणांचे कोष्टकही हद्दपार झाले. त्याच्या जागी मुष्टियुद्धासारखी फेरीगणिक १०-९ अशी मोजणी आली, आणि ती करण्यासाठी खड्ड्याच्या काठावर पंचांना खुर्च्या देण्यात आल्या.