हजार वॅटचं ऊन

अवसरी खुर्दमध्ये टंचाई पुष्कळ गोष्टींची असते. मजूर वेळेवर मिळत नाहीत, कांद्याला भाव मिळत नाही, आणि लग्नाला पोरी मिळत नाहीत असं पोरांच्या आया देवळात एकमेकींना सांगतात. पण ऊन कमी पडतं अशी तक्रार इथे कुणी भैरवनाथापुढेही केलेली नाही. अशा गावात पैसे मोजून ऊन विकत आणणारं घर एकच, आणि त्या घराचं वीजबिल माझ्या नावावर येतं.

आमच्या हिला ऑर्किडचं वेड. ती फुलपाखरासारख्या फुलांची, नाव घेताना कवळी सावरावी लागते ती फॅलेनॉप्सिस. पुण्याला भाचीच्या घरी एक पाहिलं, येताना दोन आणली, आणि मग नातेवाइकांना कळलं की हिला साडी नको, झाड चालतं. आता बाहेर ठेवावीत म्हटलं तर अंगणात कांद्याची बराख, बराखीला लागून शेळी, आणि शेळीला जगातली सगळी झाडं एकाच कारणासाठी असतात याबद्दल शंका नाही. गच्चीवर न्यावीत तर एप्रिलचं ऊन. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या ओल्या जंगलात उंच झाडांच्या फांद्यांवर, सावलीत वाढणारी ही जात. आमच्या उन्हात पानावर आधी पांढरा चट्टा पडतो, मग तो काळा होतो. उरलं माजघर. आमच्या माजघराला खिडकी नाही. एका बाजूला चुलत्यांची सामाईक भिंत, दुसऱ्या बाजूला देवघर. भरदुपारी चष्मा शोधायचा तर बॅटरी लागते आणि बॅटरी शोधायला चष्मा.

आत्या आली होती. कुंडीतले कोळसे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे बघून म्हणाली, "माती नाय, काय नाय. बांडगूळच हे! घरात कशाला आणलंय?" हिने तिला बसवून समजावलं, की बांडगूळ झाडाचा रस खातं, ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं, खाणंपिणं हवा-पावसातून स्वतःचं स्वतः बघतं. आपल्या भीमाशंकरच्या रानात सीतेची वेणी पावसाच्या तोंडाला फुलते, ती याच कुळातली.

"तिला तिथं लाइट कोण लावतं?" आत्याने विचारलं.

या प्रश्नाला माजघरात उत्तर नव्हतं, म्हणून दिवा मागवला. ऑनलाइन. खोक्यावर एक हजार वॅट असं ठळक छापलेलं होतं आणि एका जांभळ्या जंगलाचं चित्र होतं. संध्याकाळी ही दिवा लावून आरतीला गेली. माजघराचं दार ओटीत उघडतं, ओटीचं गल्लीत. तेवढ्या वेळात गल्ली अंजिरी जांभळी झाली. दूध घालून परतणारी माणसं थांबायला लागली. एकाने हळूच विचारलं, "गुरुजी, बार काढला का?" दुसऱ्याला वाटलं दाताचा दवाखाना. एक सुनबाई लेकराला आत घेऊन गेल्या. सेवानिवृत्त शिक्षकाच्या दारात असा उजेड बरा नव्हे, हे कुणी बोललं नाही, पण गल्लीने ते माझ्याकडे बघून पोचवलं.

आमच्या वरच्या खोलीत अभियांत्रिकीचा एक पोरगा भाड्याने राहतो. 2009 साली इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून गावाला भाडं मिळतं आणि फुकटचा सल्लाही. तो खाली आला, खोकं वाचलं आणि म्हणाला, "काका, हजार वॅट म्हणजे पाण्याचा हीटर. हे एवढंसं चिपाड कुठून ओढणार?" त्याने घरातलं सगळं बंद करायला लावलं. फ्रीज, पंखा, हिची मालिका. फक्त दिवा चालू. मग मला मीटरच्या पेटीपुढे उभं केलं. तिथे एक तांबडा ठिपका लुकलुकतो, शेजारी 3200 असा आकडा असतो. म्हणजे ठिपका 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. आम्ही दोघं मान वर करून उभे. बराच वेळ काही नाही. मग एकदा लुकलुक. पुन्हा शांतता. पाच मिनिटांत चारदा. पोराने बोटांवर हिशेब केला: "पंधरा वॅट." उरलेले नऊशे पंच्याऐंशी खोक्यावरच होते.

जांभळा रंग मात्र थापेचा नव्हे, त्यामागे शास्त्र आहे. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून तेवढेच दोन रंग द्यावेत असा हिशेब. लाल एलईडी 1962 सालीच आला होता. चांगला निळा यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो, नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. पण मॅक्री नावाच्या संशोधकाने 1972 सालीच पानांवर एकेक रंग टाकून मोजून दाखवलं होतं, की हिरवा उजेडही पानं बऱ्यापैकी वापरतात. म्हणजे साधा पांढरा चालतो. तसंही पांढरा एलईडी म्हणजे निळ्याच दिव्यावर पिवळा लेप. माझं जांभळ्याशी भांडण वेगळंच आहे: त्या उजेडात पान काळंठिक्कर दिसतं. पिवळं पडतंय का, खाली पिठ्या ढेकूण बसलाय का, काही कळत नाही. झाड जगलंय की मेलंय हे बघायला दिवा बंद करावा लागतो.

पोराने मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप टाकून दिलं. तेव्हापासून हिला घरात एक नवीन अधिकार आला. उजेडाचं माप लक्स. अंगणात दुपारी मोबाइल धरला तर आकडा लाखाच्या घरात. माजघरात, जिथे आम्ही तीन पिढ्या "चांगला उजेड आहे की" म्हणत जेवलो, तिथे ऐंशी. फॅलेनॉप्सिसला दहा ते पंधरा हजार लक्स लागतं. डोळा मोठा लबाड आहे. उजेड हजारपट कमी झाला तरी बाहुली मोठी करून आणि आतला पडदा जास्त हळवा करून वेळ मारून नेतो. पानाला बाहुली नाही. त्याला जेवढं मिळालं तेवढंच पोटात जातं.

मंचरला इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानातल्या माणसाने विचारलं, "किती बाय कितीची खोली?"

"खोलीसाठी नको. रॅकसाठी."

"रॅकवर काय, देव?"

"झाडं."

त्याने मालकाला हाक मारली. मालकांनी आग्रह केला की वॉर्म व्हाइट न्या, पिवळसर उजेडात फुलं उठून दिसतात. ही म्हणाली, "मला दिसायला नको, झाडाला जेवायला पाहिजे." दुकानात शांतता पसरली. खरं म्हणजे ती लाखातलं एक वाक्य बोलली होती. खोक्यावरचे ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या आवडीनुसार मोजलेले असतात. डोळ्याला हिरवट-पिवळा जास्त भावतो, म्हणून मापातही त्याला झुकतं माप. झाडासाठी वेगळं माप आहे, पण ते मंचरच्या खोक्यावर अजून उतरलेलं नाही. शेवटी 6500 केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या, वीस वॅटच्या चार फुटी तीन बॅटन घेतल्या. पानांपासून वीतभर वर, ओळीने. मोबाइल पानाशी धरला तर सात-आठ हजार. वीतभराचं अंतर हातभर केलं की आकडा भसकन उतरतो, म्हणून दिवा छताला लावून खाली झाडं ठेवणाऱ्यांनी छताचीच हौस केली असं समजावं. साठ वॅट, रोज बारा तास, महिन्याला साडेएकवीस युनिट. आमचं घर शंभर युनिटच्या आत बसायचं. आता उंबरा ओलांडून पुढच्या दरात जातं. हिशेब दाखवला तर ही म्हणते, "तुमचा टीव्ही काढा, परत आत येतो."

बारा तास पुरे की कमी, यावर गावातला खरा तज्ज्ञ पोल्ट्रीवाला तात्या निघाला. आम्ही सांगायच्या आधीच म्हणाला, "अंड्याच्या कोंबडीला सोळा तास उजेड लागतो, गुरुजी. हिवाळ्यात दिवस लहान झाला की पहाटे बल्ब लावायचा, न्हाय तर अंडी बसली. पण रात्र बी लागती. सारखा उजेड ठेवला की जनावर येडं होतं." झाडाचंही तेच; अंधार ही त्याच्या कामाची वेळ असते. नंतर तात्या रॅकजवळ वाकून म्हणाला, "कोंबडी अंडं देती. हे काय देतंय?"

म्हणून टायमर आला. चकतीचा, चोवीस तासांचा, सकाळी सहाला लावतो आणि संध्याकाळी सहाला मालवतो. लाइट गेली की चकतीही थांबते, आणि अवसरीत लाइट जाते. त्यामुळे ऑर्किडची सकाळ हळूहळू आठला, मग अकराला, आणि पावसाळ्यात एकदा तर दुपारी दोनला व्हायला लागली. वरच्या खोलीतल्या पोराचं आणि त्यांचं वेळापत्रक तंतोतंत जुळलं. रात्री दोनपर्यंत आमचं माजघर लख्ख. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असली की माणसं दारं धरायला त्याच वेळी जातात-येतात, आणि आमच्या भागात त्या वेळी बिबट्याही पाळीवर असतो. मी टायमर नीट केला, तर दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं दारात: "गुरुजी, तुमचा उजेड का बंद केला? वळणावर बरं पडत होतं."

थंडीत दांडा आला. पानाच्या बगलेतून हिरवं, बोथट, मुठीतल्या अंगठ्यासारखं टोक. ही म्हणाली माझं खत. पोरगा म्हणाला स्पेक्ट्रम. आत्याने फोनवरून श्रेय भैरवनाथाला दिलं. फॅलेनॉप्सिसला दांडा टाकायला काही आठवडे गार रात्री लागतात, आणि मंचर-अवसरीची डिसेंबरची रात्र ती फुकट पुरवते, असं मी म्हणून बघितलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

फुलं उमलली तेव्हा तात्या बघायला आला. बराच वेळ फुलांकडे न बघता बॅटनकडेच बघत होता. पोरगा उत्साहात सांगून गेला, की गाईंवर असे प्रयोग झालेत. सोळा तास उजेड, आठ तास अंधार ठेवला की दूध वाढतं, आणि त्याला दीड-दोनशे लक्स पुरतं.

तात्याने खिशातून मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. "ते मोजायचं टाक बरं यात." मग जरा विचार करून, "आणि मला सांग, म्हशीला हे कुठं धरायचं? डोळ्यापाशी, का कासेपाशी?"