१५३ रुपये ४० पैसे

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक सेक्रेटरीवर करवादणारा असतो आणि एक पॅकवाले काका असतात. पहिले दोघे निवडणुकीनंतर आपापसात जागा बदलतात. काका मात्र बँकेतून निवृत्त झाल्यापासून तहहयात.

काकांचा खरा उदय १ फेब्रुवारी २०१९ चा. त्या दिवसापासून ट्रायच्या नव्या नियमाप्रमाणे ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या निवडायच्या आणि तेवढ्याचेच पैसे भरायचे, असं ठरलं. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांनी केबलवाल्याने दिला तो पॅक मुकाट घेतला. काकांनी लेजर काढलं. शंभर वाहिन्यांचं नेटवर्क भाडं १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही पैसेवाली वाहिनी न घेता १५३ रुपये ४० पैसे गेलेच! हा आकडा काका पाढ्यातल्या पावकी-निमकीसारखा लिफ्टमध्ये भेटेल त्याला म्हणून दाखवत.

खरी कारागिरी शंभरात बसवण्याची होती. दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या, त्या आधीच ठाण मांडून बसलेल्या. एक एचडी वाहिनी मोजताना दोन धरायची. म्हणून काकांच्या दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही आहे आणि त्यावर एचडी एकही नाही. नव्या सुनेने 'चित्र जरा पुसट दिसतंय' म्हटलं, तर काकांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

महिनाअखेरीस घरात सुनावणी होते. नातवाचं कार्टून, मुलाच्या बिझनेस बातम्या, सगळे अर्जदार. 'गेल्या महिन्यात किती वेळा लावलंस?' हा पहिला प्रश्न, आणि उत्तर आलं की वाहिनी कापली जाते. अपवाद फक्त काकूंच्या मालिकेचा. तिला एकदा कात्री लागली होती. घरात चार दिवस दोन्ही वेळेला दुधी शिजला. पाचव्या दिवशी वाहिनी परत आली, आणि लेजरमध्ये तो खर्च 'किरकोळ' या सदरात पडला.

पुढे २०२० साली ट्रायने त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या द्यायला सांगितल्या. सगळी बिल्डिंग खूश, काका खचले. दोनशेत काय, कोणीही बसवेल!

मग त्यांनी रेकॉर्डिंगवाला बॉक्स आणला. भल्या पहाटेची गाण्याची मैफल, दुपारचं जुनं नाटक, रात्री उशिराचा माहितीपट, काका सगळं साठवून ठेवतात. 'सवडीने बघू.' निवृत्त माणसाला सवड कधी मिळणार, हे विचारायची सोय नाही, कारण काका दिवसभर कामात असतात: डिस्क भरलेली असते आणि नव्या मैफलीसाठी जुनी पुसायची असते. पुसण्याआधी ते नाव वाचतात, हळहळतात आणि बटण दाबतात.

'त्यापेक्षा ती फ्री डिश लावा ना,' काकू म्हणतात. दूरदर्शनची ही फुकट सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. थाळी आणि बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याचं बिल शून्य. काका यावर अशा नजरेने बघतात, जणू त्यांना कुणी रेशनच्या रांगेत उभं राहायला सांगितलंय. 'त्यात निवडायचं काय? ते दाखवतील ते बघायचं!'

पण विश्वचषकात भारताचा सामना आला आणि पंचाईत झाली. स्पोर्ट्स वाहिन्या काकांनी काटकसरीत कधीच उडवल्या होत्या. 'काळजी नको, २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना दूरदर्शनला द्यावाच लागतो,' असं म्हणत त्यांनी डीडी लावलं. तिथे सामन्याऐवजी भलताच कार्यक्रम चालू होता. मग काकांनाच आठवलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे तो सामना दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दिसतो; खासगी केबल-डीटीएचवरून येणाऱ्या डीडीवर नाही. म्हणजे पैसे भरणाऱ्यांना अंधार आणि न भरणाऱ्यांना उजेड!

उजेड वॉचमनच्या केबिनमध्ये होता. त्याची थाळी पाण्याच्या टाकीमागे, कमिटीच्या नकळत लावलेली. काका खाली उतरले तेव्हा तिथे निम्मी बिल्डिंग जमली होती. त्यांनी स्टूल पटकावलं आणि दोन चेंडूंच्या मधल्या वेळात सगळ्यांना तो निकाल समजावून सांगितला. चेंडू पडतानाही सांगितला. विराट केव्हा बाद झाला, हे त्यामुळे कुणालाच कळलं नाही.

डाव संपल्यावर काकांनी वॉचमनचा रिमोट हातात घेतला.

'महिने का कितना जाता है तुम्हारा?'

'कुछ नहीं काका, सब फ्री है.'

काकांनी सवयीने खिशातलं पेन काढलं होतं. ते उघडून त्यांनी थोडा विचार केला. ज्याचं बिलच शून्य, त्याचे वाचवायचे काय? पण बँकेतला माणूस असा हरत नाही.

'फ्री है वो ठीक है,' ते म्हणाले, 'लेकिन बॉक्स पुराना है. एमपेग-फोरवाला लो, चॅनल बढेंगे. मैं लिस्ट बना के देता हूँ, कौनसा रखने का, कौनसा निकालने का.'