डबा वाजला होता

राजुऱ्याच्या शिवारात रात्री जागलीला बसणाऱ्याला इंटरप्ट समजावून सांगावा लागणार नाही. धुऱ्यावरच्या दोरीला बांधलेला टिनाचा डबा वाजला, की बिडी टाकून रानडुकरामागे धावायचे, एवढाच विषय. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नलही हेच करतो. डुकराच्या जागी डिस्क असते आणि नुकसानभरपाईचा अर्ज नसतो. सकाळी सोयाबीन उकरलेले दिसले, की डब्याला शिव्या बसतात. अभियंतेही ‘इंटरप्ट हरवला’ म्हणून हार्डवेअरकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे असे, की बहुधा डबा वाजलेला असतो; घोळ असतो तो पोच देण्यात. जुन्या आयएसए कार्डाचा इशारा एकदाच टण्ण वाजायचा, चुकला की चुकला. पीसीआयमध्ये एका तारेवर अनेक उपकरणे, म्हणून तिथे कोणी दखल घेईपर्यंत दोरी ओढूनच धरतात. आजचे एमएसआय, म्हणजे संदेशाने येणारे इंटरप्ट, पुन्हा एकदाच वाजणारे. आता ड्रायव्हरने आधी काम उरकले आणि मग ‘ऐकले’ अशी पोच दिली, तर मधल्या फटीत वाजलेला दुसरा डबा त्याच पोचेत पुसला जातो. पहिले डुक्कर हाकलल्याची सही झाली आणि तिच्याखालून दुसरे आत शिरले. म्हणून पोच आधी, काम मागून, आणि बूड टेकण्यापूर्वी एकदा टॉर्च फिरवायचा.

कोणी म्हणेल, हार्डवेअर कधी चुकतच नाही का? चुकते की. एनव्हीएमई डिस्कचे उत्तर आले नाही, तर लिनक्स साधारण 30 सेकंद वाट पाहून स्वतःच बघायला जातो आणि काम कधीचेच झालेले सापडले, तर तशी नोंद करतो. पण दोष ठरवण्याआधी ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’मधले आकडे दोनदा वाचावेत. आकडा वाढतोय आणि डिस्क अडलेलीच, तर हाक पोहोचली आहे, ड्रायव्हर उलगडा. आकडा हलतच नसेल, तर दोरी तपासा. (उलटाही रोग असतो. एका तारेवरच्या लाख हाकांपैकी 99,900 हून जास्त बेवारस निघाल्या, की कर्नल ‘कोणालाच पर्वा नाही’ असे लिहून ती तारच बंद करतो. शेजारच्या निरपराध उपकरणाचीही वाचा जाते.)

मग डबा सोडून रात्रभर फेऱ्याच का मारू नयेत? एका डुकरासाठी रात्रभर चालणारा माणूस सकाळी निंदणाच्या कामाचा राहत नाही, प्रोसेसरचेही तेच. कळप आला तर मात्र हा आक्षेप खरा ठरतो. लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर पहिल्या हाकेला उठतात, डब्यात चिंधी कोंबतात आणि गर्दी ओसरेपर्यंत स्वतःच फेऱ्या मारतात. मग चिंधी काढून झोपायचे. आणि कळपाच्या रात्री हाक हरवते ती नेमकी इथे, शेवटची फेरी आणि चिंधी काढणे यांच्या मध्ये.