मांडवलीत कात्रपचा वाटा

अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांना 2025 साली एक फॉर्म आला. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बनवणाऱ्या आठ कंपन्या मिळून सुमारे 72 कोटी डॉलर द्यायला राजी आहेत. तुमच्या गावाला वाटा हवा असेल तर 8 ऑक्टोबरच्या आत सही करा. सही केली की दावा मिटला, पैसे सुरू. मांडवलीच ती. फक्त तिथे ती वकिलांसमक्ष होते आणि पावती मिळते.

या आठांत दोन नावं आपल्या ओळखीची आहेत: सन फार्मा आणि झायडस. सनने सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलर कबूल केले, झायडसने दीड कोटीच्या आसपास. अशा तडजोडीत कंपनी चूक कबूल करत नसते, फक्त चेक फाडते. सनचं मुख्यालय गोरेगाव पूर्वेला, हायवेलगत. म्हणजे बदलापुरातल्या आमच्या कात्रपहून शेअर रिक्षाने स्टेशन, मग लोकल, दादरला गाडी बदलली की आलंच. गोरेगावचा पैसा सातासमुद्रापार आयोवातल्या खेड्याला पोहोचणार आणि आम्ही दादरपर्यंतसुद्धा जायचं नाही, हा कुठला न्याय? तेव्हा कुळगाव-बदलापूर नगरपालिकेनेही एक अर्ज ठोकून द्यावा, असा आमचा प्रस्ताव आहे.

पहिली अडचण सहीची. फॉर्मची मुदत होती त्या ऑक्टोबरात आमच्याकडे नगरसेवकच नव्हते. 2020 साली त्यांची मुदत संपली, तेव्हापासून 2025 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. पण मुदतीचं काय घेऊन बसलात, मुदतवाढ हा आमचा हातखंडा आहे. समजा मिळाली. समजा विषय सर्वसाधारण सभेत आला. काय होईल ते आम्ही आत्ताच सांगतो.

‘व्यसनाने बाधित प्रभाग कोणते?’ या प्रश्नावर आधी सभागृहात शांतता. मग एकेक सदस्य उठून सांगणार की आमच्या प्रभागात सुसंस्कृत वस्ती आहे, असले प्रकार पलीकडच्या प्रभागात. तेवढ्यात मुख्याधिकारी खुलासा करणार की निधीवाटप बाधितांच्या संख्येवर आहे. झालं! कात्रप म्हणणार सर्वात जास्त बिघडलेली पोरं आमची, शिरगाव म्हणणार छे, आमची, आणि बेलवलीकर पश्चिमेवर नेहमीप्रमाणे अन्याय झाला म्हणून सभात्याग करणार. शेवटी एकमताने ठराव: नशामुक्तीचा संदेश देणारी प्रवेशद्वार कमान, तिच्याखाली पेव्हर ब्लॉक, बाजूला सेल्फी पॉइंट.

हसू नका. अमेरिकेत 1998 साली सिगारेट कंपन्यांशी अशीच तडजोड झाली होती, 25 वर्षांत 206 अब्ज डॉलरची. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा काउंटीने त्यातले 7 लाख डॉलर सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या गवतावर पाणी उडवणाऱ्या फवाऱ्यांना घातले. जगप्रसिद्ध धबधबा उशाला असताना फवारे! आमचे नगरसेवक त्यांच्यापुढे बाळबोध. त्या अनुभवाने शहाणं होऊन अमेरिकनांनी या अफूवाल्या गोळ्यांबाबतच्या 2021 च्या मोठ्या समझोत्यात अट घातली की किमान 85 टक्के रक्कम व्यसनाचं नुकसान भरून काढण्यावरच खर्च करायची. आमची कमान उरलेल्या 15 टक्क्यांत बसवता येईल.

दुसरी अडचण मोठी आहे, पुराव्याची. तिकडे प्रत्येक गोळीचा हिशेब केंद्र सरकारच्या दफ्तरी होता. वेस्ट व्हर्जिनियातलं कर्मिट हे गाव जेमतेम 400 वस्तीचं, आमच्या एका सोसायटीत मावेल एवढं. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत सुमारे 90 लाख गोळ्या उतरल्या. स्थानिक पत्रकाराने आकडा छापला, वकिलांनी तो कोर्टात धरला. 1999 पासून 2023 पर्यंत अफूच्या जातीच्या, चिठ्ठीवरच्या आणि चोरट्या, अशा सगळ्या पदार्थांच्या अतिसेवनाने त्या देशात 8 लाखांच्या आसपास माणसं गेली, हाही मोजलेला आकडा.

आमचा पुरावा अर्धवट राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर पडलेला असतो. 100 मिलीच्या तपकिरी बाटल्या, झाकण गायब, लेबल नखाने खरवडलेलं, आणि शेजारी चहाचे कागदी कप. सिरपवर गोड चहा लागतो म्हणतात. सकाळी कुत्री फिरवायला आलेले काका त्या बाटल्या पायाने बाजूला सारतात आणि ‘हल्ली खोकल्याची साथ फार’ असं पुटपुटतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, कोडीन अफूचंच लेकरू. भिवंडी, मुंब्रा, कल्याण इथे साठे पकडल्याची बातमी अधूनमधून येते. पकडलेल्या बाटल्या पोलीस मोजतात. प्यायलेल्या कोण मोजणार? खुद्द बदलापूरकरांचीच अधिकृत मोजदाद 2011 ची, 1 लाख 74 हजार 226. त्यानंतर उभ्या राहिलेल्या टॉवरमधली माणसं सरकारच्या लेखी अजून लोकलच्या दारात लटकत असावीत.

आम्ही नुसते पिणारे नाही, पुरवणारेही आहोत. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने दाखवलं की एव्हिओ फार्मास्युटिकल्स या मुंबईच्या कंपनीच्या टॅपेन्टाडॉल-कॅरिसोप्रोडॉल मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जातात. मग केंद्र आणि राज्याच्या औषध खात्यांनी छापा घातला, उत्पादन थांबवलं, सव्वा कोटीहून जास्त गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या, या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगीही काढून घेतली. कारखाना पालघरचा. 2014 पर्यंत आपण आणि पालघर एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. म्हणजे घानाच्या एखाद्या नगरपालिकेला फॉर्म भरायची बुद्धी झाली, तर प्रतिवादीच्या रकान्यात आमचा जुना पत्ता येईल.

अफूच्या पैशाची भरपाई मुंबईला ठाऊक नाही असं मात्र नाही. जमशेटजी जीजीभॉय चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून गब्बर झाले आणि त्यांच्या देणगीतून 1845 साली जे. जे. रुग्णालय उघडलं. वकील नाही, खटला नाही, फॉर्म नाही. बदलापूरचा अत्यवस्थ रुग्ण उल्हासनगरला, तिथून कळव्याला आणि तिथून जे. जे.ला धाडला जातो, तेव्हा आम्ही त्या मांडवलीचा हप्ताच वसूल करत असतो. चिनी लोकांना काय मिळालं, हे मात्र विचारू नका.

आता कामाचं. कोडीन 2014 पासून एच-1 यादीत आहे. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. आकडा कुठेतरी पडलेला आहे; त्याची बेरीज कुणी मागितल्याचं आमच्या ऐकिवात नाही. रुग्णांची नावं आपल्याला नकोत, नुसती बेरीज हवी. तेव्हा वाचकहो, माहिती अधिकाराचा एक अर्ज करा. पत्ता: अन्न व औषध प्रशासन, ठाणे. प्रश्न एकच: बदलापुरातल्या औषध दुकानांनी तीन वर्षांत कोडीनयुक्त सिरपच्या किती बाटल्या दिल्या? आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि त्याला वकील लागत नाही.